पावसाळी ताप आणि एका गोळीची हद्द

रत्नागिरी

प्रिय सुधाकरराव यांस,


एकच प्रतिजैविक एका वेळी दोन निरनिराळे संसर्ग बरे करू शकते काय, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र हा होकार औषध किती 'भारी' आहे यावर अवलंबून नसून, ते दोन जंतू कोणते आणि ते शरीरात कोठे दडले आहेत यावर अवलंबून असतो. 'डॉक्सी' या आटोपशीर नावाने ओळखले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे याचे चांगले उदाहरण होय; पावसाळ्यातील दोन ताप घेऊन ते पाहू.

लेप्टोस्पायरोसिस हा उंदीर-गुरांच्या मूत्रातून खाचरातील पाण्यात उतरणाऱ्या आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमांतून रक्तात शिरणाऱ्या मळसूत्री जिवाणूंचा रोग आहे. स्क्रब टायफस हा ओरिएन्शिया नावाच्या जिवाणूचा रोग असून तो गवता-झुडपांत वावरणाऱ्या माइट या सूक्ष्म किड्याच्या अळीच्या चाव्यातून होतो. दोहोंत ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सारखीच असते. स्क्रब टायफसच्या काही रुग्णांत चाव्याच्या जागी मसुराएवढी काळी, न दुखणारी खपली आढळते. पण ती बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरेच्या घडीत असल्याने रुग्णाला तिचा पत्ता नसतो आणि घाईच्या तपासणीत ती निसटते. डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेवर बसते, आणि मानवी पेशीच्या आतही पोहोचते. म्हणून रक्तातला लेप्टोचा जिवाणू आणि पेशीत राहणारा ओरिएन्शिया असे दोघेही त्याच्या तावडीत सापडतात. शंभर मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, साधारण ७ दिवस, हा क्रम दोन्ही रोगांत चालतो.

येथे डॉक्सीची बाजू संपते. विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा संशय असेल तर रुग्णालयात सेफ्ट्रिअॅक्सोनचे इंजेक्शन दिले जाते. ते टायफॉइडवर आणि लेप्टोवरही लागू पडते, परंतु ते जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालणाऱ्या गटातले असल्याने ओरिएन्शिया त्याला दाद देत नाही. अझिथ्रोमायसिन तिन्ही तापांत वापरले जाते, तरी मूत्रपिंड व यकृतापर्यंत पोहोचलेल्या गंभीर लेप्टोमध्ये शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोनच दिले जाते. डेंग्यू आणि सिंधुदुर्गात आढळणारा माकडताप हे तर विषाणूजन्य रोग. त्यांच्यापुढे जगातील सारी प्रतिजैविके सारखीच निरुपयोगी.

संसर्गाची जागा हा दुसरा मुद्दा. मूत्रमार्गाच्या संसर्गात दिले जाणारे नायट्रोफ्युरँटोइन मूत्रात भरपूर उतरते, पण रक्तात आणि फुफ्फुसात त्याची पुरेशी मात्रा तयार होत नाही; त्यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग आणि न्यूमोनिया एकाच वेळी असलेल्या वृद्धास या एका औषधावर ठेवणे धोक्याचे ठरते. मात्रेचेही तसेच आहे: डॉक्सी पटकीत म्हणजे कॉलऱ्यात प्रौढांना ३०० मिलिग्रॅमच्या एकाच डोसात देतात, तर लेप्टोच्या प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. औषध तेच असले तरी एका रोगाची मात्रा दुसऱ्याला पुरेलच असे नाही.

औषधदुकानांतून जुलाबासाठी सहज मागितली जाणारी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी याच समजुतीवर खपते: जिवाणू असो वा अमिबा, दोघांवर एकदम मारा. खरे तर अनेक जुलाब विषाणूंचे असतात आणि त्यांत मीठ-साखरेच्या पाण्याची, म्हणजे ओआरएसची गरज असते. ओफ्लॉक्सासिनच्याच गटातील लिव्होफ्लॉक्सासिन न्यूमोनिया समजून दिले आणि रोग प्रत्यक्षात क्षयाचा असला, तर खोकला काही दिवस उतरतो, थुंकीच्या तपासणीला विलंब होतो आणि क्षयाचे जंतू औषधाला जुमानेनासे होण्याचा धोका वाढतो. एक औषध दोन रोगांवर चालणे येथे वरदान न ठरता निदानाच्या आड येते.

म्हणून आपल्या घरी गेल्या पावसाळ्यातील डॉक्सीचे पाकीट उरले असेल तर ते यंदाच्या तापावर वापरू नये. ताप आल्यास डॉक्टरांना चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात किती दिवस काम केले ते सांगावे आणि काख, जांघ, कमर तपासून घ्यावी, ही विनंती.



आपला,
श्रीधर