आज रोख, उद्या उधार

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात एक पाटी होती : 'आज रोख, उद्या उधार'. दुसरी-तिसरीत असताना मी ती अक्षरशः खरी मानली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन काकांकडे उधारीवर लिमलेटच्या गोळ्या मागितल्या. काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. "काय लिहिलंय, वाच." मी वाचलं. अजूनही 'आज रोख'च लिहिलेलं होतं. दुकानातले सगळे हसले आणि मी रडवेली होऊन घरी आले. पाटी खोटं बोलत नव्हती. तिच्यावरचा 'उद्या' कुठल्याही तारखेला बांधलेला नव्हता, एवढंच.

ही गोष्ट मी पूर्ण विसरले होते. ती आठवली १२ जून २०२३ या दिवशी, सोमवारी सकाळी.

तेव्हा मी ज्या लहानशा कंपनीत होते, ती पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रक्ताच्या तपासणीचे आकडे लॅबमधल्या यंत्रातून येणार, आमच्या सर्व्हरवर त्यांचा छापील रिपोर्ट तयार होणार आणि तो लॅबला नि पेशंटला जाणार, असं साधं काम. त्या सकाळी नऊच्या सुमाराला फोन सुरू झाले. काही रिपोर्ट येत होते, काही येत नव्हते. त्यात काही सूत्र दिसेना. एका लॅबच्या डॉक्टरांचा फोन मीच घेतला. ते चिडलेले नव्हते, आणि त्यामुळे मला जास्त अपराधी वाटलं. "अहो, पेशंट साडेआठपासून बाकावर बसलेत. त्यांना अकराला मोठ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचाय. आजची वेळ गेली तर पुढची पंधरा दिवसांनी मिळते. मी काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, "सर, दहा मिनिटं द्या." दहा मिनिटांत काय होणार होतं ते मलाही माहीत नव्हतं.

काय झालं होतं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

आमच्या सर्व्हरवर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती होती. डेबियनची सुरुवात इयन मर्डॉक यांनी १९९३ साली केली, आणि आजही ती जगभरचे स्वयंसेवक चालवतात. तिच्यात सॉफ्टवेअर एकेक करून कुठून तरी उतरवून घ्यायचं नसतं. एक मोठं कोठार असतं. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. आपल्या मशीनवर 'सोर्सेस डॉट लिस्ट' नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात कोठाराचा पत्ता असतो, आणि पत्त्यापुढे एक शब्द : या कोठारातली कोणती आवृत्ती घ्यायची. सगळी मेख त्या एका शब्दात आहे.

तो शब्द दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे आवृत्तीचं नाव. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या पात्रांची नावं असतात, कारण ही प्रथा पडली तेव्हा प्रकल्पाचे प्रमुख असलेले ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये काम करायचे. २०१९ची बस्टर, २०२१ची बुल्सआय, २०२३ची बुकवर्म. सिनेमात खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा आहे, सिड. त्याचं नाव कायमचं 'अनस्टेबल' शाखेला दिलेलं आहे. दुसरा प्रकार म्हणजे नाव न लिहिता पद लिहायचं : 'स्टेबल'. सध्या जी आवृत्ती त्या पदावर असेल ती. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, त्या दिवशी 'स्टेबल' ही पाटी जुनीवरून काढून नवीवर लावतात आणि जुनी 'ओल्डस्टेबल' होते.

२०२२ साली नवीन सर्व्हर उभा करायची स्क्रिप्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते. त्या फाइलमध्ये मी 'बुल्सआय' न लिहिता 'स्टेबल' लिहिलं आणि वर एक टिप्पणीही टाकली, की असं लिहिल्याने दर वेळी नाव बदलावं लागणार नाही. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. शिवाय शब्दच असा, की त्याच्याविषयी शंका येऊ नये. स्टेबल म्हणजे स्थिर. आणि बुल्सआय खरोखरच स्थिर होती. एकदा प्रसिद्ध झाल्यावर त्या आवृत्तीत फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात. माल स्थिर होता. पाटी स्थिर नव्हती.

१० जून २०२३ला, शनिवारी, बुकवर्म प्रसिद्ध झाली. सोमवारी लॅबमध्ये गर्दी असते म्हणून आम्ही रविवारी रात्री दोन नवे सर्व्हर वाढवले होते, माझ्याच स्क्रिप्टने. त्या मशीनचा पाया बुल्सआयचा होता, पण स्क्रिप्टने कोठाराकडे 'स्टेबल' मागितलं आणि कोठाराने प्रामाणिकपणे बुकवर्म दिलं. पायथॉन ३.९ऐवजी ३.११ आलं. बुकवर्ममध्ये आणखी एक बदल होता : सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिप वापरून परस्पर लायब्ररी टाकायला आता सरळ नकार मिळतो. आमची स्क्रिप्ट नेमकं तेच करत होती. नकार मिळाला, पण चूक झाली तर थांब, असं मी स्क्रिप्टला सांगितलंच नव्हतं. ती पुढे गेली आणि शेवटी 'सर्व्हर तयार' असं छापून मोकळी झाली.

रांगेतली कामं उचलणारा प्रोग्रॅम वेगळा होता. तो व्यवस्थित चालू झाला. तो काम उचलायचा, रिपोर्ट छापणाऱ्या पायथॉनच्या प्रोग्रॅमला हाक मारायचा, तो लायब्ररी नाही म्हणून पडायचा, आणि ते काम 'अयशस्वी'च्या ढिगात जायचं. चार जुने सर्व्हर आणि दोन नवे. जो रिपोर्ट नव्यांच्या वाट्याला गेला, तो गेला.

दहाच्या सुमाराला आमच्या टीम लीडने दोन्ही नवे सर्व्हर बाजूला काढले आणि अडकलेली कामं पुन्हा रांगेत टाकली. त्या डॉक्टरांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "राहू दे आता. मी लेटरहेडवर हाताने लिहून दिला रिपोर्ट." ते बरोबरच होतं. लॅब चालवणाऱ्या माणसाला आकडे माहीत होते, पेन होतं. आमच्या सहा सर्व्हरांची गरज त्या पेशंटला त्या दिवशी पडली नाही.

मला खरा धक्का दुपारी बसला, जुने चार सर्व्हर का वाचले हे शोधताना. त्यांच्याही फाइलमध्ये 'स्टेबल'च होतं. पण अ‍ॅप्ट, म्हणजे कोठारातून माल आणणारा प्रोग्रॅम, आधी काय पाहिलं होतं ते लक्षात ठेवतो. शनिवारनंतर त्याने पाहिलं की 'स्टेबल'चं नाव बुल्सआयवरून बुकवर्म झालंय, आणि त्याने माल घ्यायला नकार दिला : हा बदल मान्य असेल तर तसं स्पष्ट सांगा. ही सूचना लॉगमध्ये पडून होती. कोणी वाचली नव्हती. नव्या मशीनांना मागची आठवणच नव्हती, त्यामुळे त्यांना काही बदललंय असं वाटायचं कारण नव्हतं. आणि जुनी मशीनं वाचली म्हणावी, तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यांच्यावर येणं थांबलं होतं. तीही आमच्या नकळत.

लीड माझ्यावर ओरडला नाही. त्याने माझी ती टिप्पणी मोठ्याने वाचली, 'दर वेळी नाव बदलावं लागणार नाही', आणि म्हणाला, "अगं, बदलावं लागणार नाही असं नाही. कोणीतरी बदलणारच. फक्त ते कोणी आणि कधी बदलायचं, हे तू दुसऱ्याला देऊन टाकलंस."

मग आम्ही स्वतःचं छोटं कोठार उभं केलं. त्यासाठी अ‍ॅप्टली नावाचं साधन आहे. ते डेबियनच्या कोठाराची आपल्याकडे नक्कल ठेवतं. त्या नकलेचा एखाद्या दिवशीचा 'स्नॅपशॉट' घ्यायचा, त्याला तारखेचं नाव द्यायचं, आपल्या किल्लीने सही करायची आणि तो आपल्या मशीनांना पुरवायचा. डेबियनच्या कोठारात उद्या काहीही येवो, आपल्या मशीनांना त्या तारखेचाच माल दिसतो. नवी तारीख आधी चाचणीच्या मशीनवर, आठवड्याने बाकीच्यांवर. फाइलमध्ये आवृत्तीचं नाव, नावापुढे तारीख. मी ते सगळं चोख बांधलं. लीडने एकच प्रश्न विचारला : "पुढची तारीख कोण टाकणार?" मी म्हटलं, "मी. दर महिन्याला."

२९ मार्च २०२४ला एक्सझेड प्रकरण उघडकीला आलं. फायली आकुंचित करणाऱ्या एका साध्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला म्हणून ते सापडलं. त्या दिवशी मी ऑफिसात सांगत सुटले, की बघा, म्हणून आपण तारीख गोठवतो. पण ते खरं नव्हतं. तो माल डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांपर्यंत पोचला होता. बुकवर्ममध्ये तो आलाच नव्हता. माझ्या कोठाराचं त्यात काही कर्तृत्व नव्हतं. तरी मी श्रेय घेतलं, आणि त्यानंतर जरा सैल झाले.

१ जुलै २०२४, सोमवार. सर्व्हरवर दुरून लॉगिन करायला जो ओपनएसएसएच वापरतात, त्यात गंभीर दोष असल्याचं क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलं. २००६ साली दुरुस्त झालेली एक चूक २०२०मधल्या एका बदलात पुन्हा आत शिरली होती. डेबियनने त्याच दिवशी बुकवर्मसाठी दुरुस्ती दिली. मी आमची तारीख पाहिली : २ मे. जूनची तारीख मी टाकलीच नव्हती. महिनाअखेरीला नवं काम लॅबना द्यायचं होतं, मध्येच कशाला हात लावा, म्हणून पुढे ढकललं होतं. आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यासुद्धा मी त्याच तारखेत गोठवल्या होत्या. डेबियनचं कोठार दुरुस्ती घेऊन उभं होतं. आमच्या मशीनांना ती दिसू नये अशी सोय मी स्वतः केली होती.

त्यातही एक गंमत. आमचा एक जुना सर्व्हर, ज्याला मी कित्येक महिने हात लावायचं टाळत होते, अजून बुल्सआयवर होता. त्याच्यात ओपनएसएसएच ८.४ होतं, आणि ती चूक ८.५मध्ये परत आली होती. म्हणजे सर्वांत दुर्लक्षित मशीन सुरक्षित, आणि मी निगुतीने सांभाळलेली सगळी उघडी. नव्याने सगळं सुरक्षित होतं असं नाही, आणि जुन्यानेही होत नाही.

त्या रात्री नवा स्नॅपशॉट घेतला, एका मशीनवर तासभर पाहिला आणि आठवड्याची वाट न बघता सगळीकडे लावला. एक वाजला. लॉग तपासले, काही वावगं दिसलं नाही. लॅबना काही कळलं नाही. मला मात्र २०२३चा सोमवार बरा वाटला. तेव्हा निदान मला माहीत नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. मुख्य कोठार तारखेने गोठवायचं, पण सुरक्षेचं कोठार वेगळं ठेवायचं आणि ते रोज पुढे सरकवायचं, एका चाचणीच्या मशीनवरून. आणि आमची तारीख पस्तीस दिवसांपेक्षा जुनी झाली, तर मलाच नव्हे, सगळ्या टीमला मेल जातो. दुसरी गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ आहे. पाच ओळींची स्क्रिप्ट. पण जूनमध्ये ती असती तर कोणीतरी मला विचारलं असतं.

९ ऑगस्ट २०२५ला ट्रिक्सी आली. तोही शनिवारच. आमच्या फाइलमध्ये बुकवर्म लिहिलेलं होतं, त्यामुळे सोमवारी काहीच झालं नाही. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने विचारलं, "दर वेळी हे नाव हाताने बदलण्यापेक्षा सरळ 'स्टेबल' का लिहीत नाही?" मी त्याला दुकानातल्या पाटीची गोष्ट सांगितली. तो हसला. मग म्हणाला, "पण बुकवर्मवरच राहिलो, तर तीही उधारीच ना?" आहेच. बुकवर्मला नेहमीची सुरक्षा दुरुस्ती जून २०२६पर्यंत आहे, पुढची दोन वर्षं दीर्घ मुदतीचा आधार. उधारी चुकत नाही, फक्त तिच्यावर तारीख पडते.

फाइलमधल्या त्या ओळीवरची माझी जुनी टिप्पणी मी काढून टाकली आहे. तिच्या जागी आता दोनच गोष्टी आहेत : पुढची तारीख, आणि ती बदलणाऱ्या माणसाचं नाव. सध्या माझं आहे. पुढच्या महिन्यापासून त्याचं असेल.