सक्करदऱ्याच्या मॅडम

माझ्या मुलाच्या डोक्याचं ऑपरेशन ज्या सर्जननी केलं, त्यांचं नाव भंडाऱ्यापासून अमरावतीपर्यंतच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. लग्नकार्यात कोणी भेटलं की विचारतात, "ते मुंबईचे डॉक्टर, काय बरं नाव?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकतात. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या डॉक्टर मॅडमबद्दल कोणी विचारत नाही. त्यांनी काही कापलं नाही, काही शिवलं नाही, पेपरात त्यांचा फोटो आला नाही. सर्जनचे उपकार जन्मभर आहेतच. पण देण्याघेण्याचा हिशेब मांडला की बाकी मॅडमच्या खात्यावर जास्त निघते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

मुलगा 2011 च्या सप्टेंबरात झाला. बाळंतपणाला मी माहेरी, नंदनवनला होते. मालिशवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यावरून तेलाचा हात फिरवला आणि म्हणाल्या, "माय वं, लांबोटं आलं ना पोट्ट्याचं डोस्कं! काहून घाबरता बाई, सव्वा महिन्यात गोल करून देतो." राईची उशी आली, टाळू भरणं सुरू झालं. जो येई तो सांगे की बाळंतपणात असं होतंच. त्यात खोटं काही नाही. जन्माच्या वाटेनं येताना कवटीची हाडं एकमेकांवर जराशी सरकतात आणि काही आठवड्यांत जागेवर बसतात. आमच्या बाळाचं डोकं मात्र बसायचं सोडून पुढे आणि मागे वाढतच होतं.

दीड महिन्याच्या लसीला आम्ही मॅडमकडे गेलो. बुधवार बाजाराच्या अलीकडे त्यांचा लहान मुलांचा दोन खोल्यांचा दवाखाना. बुधवारी तर बाहेर भाजीवाल्यांचा गलका आणि आत पोरांचा. मॅडमची एक पद्धत होती. सुई टोचायच्या आधी त्या बाळाचं टोपडं स्वतः सोडायच्या, आईच्या मांडीवर बाळ तसंच ठेवून आईच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहायच्या आणि वरून खाली डोकं पाहायच्या. आपण सगळे बाळाला समोरून पाहतो, त्याचे डोळे कोणासारखे आणि नाक कोणासारखं ते ठरवतो. वरून कोण पाहतं? त्या दिवशी त्यांनी टाळूवर बोट टेकवलं आणि तिथून मागे शेंडीच्या जागेपर्यंत अंगठा हळूहळू सरकवत नेला. मग पुन्हा एकदा नेला. मग माझं बोट धरून त्याच वाटेनं फिरवलं. कातडीखाली एक कडक रेघ लागत होती. डोक्याचा घेर त्यांनी न ताणल्या जाणाऱ्या टेपनं तीनदा घेतला, भुवयांच्या जरा वरून मागच्या उंचवट्यापर्यंत, आणि सगळ्यात मोठा आकडा कार्डावर लिहिला.

"घेर तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मला हा पुन्हा पाहायचाय. अडीच महिन्यांच्या लसीला मलाच दाखव, दुसरीकडे जाऊ नको."

ही मेख मला पुढे कळली. पहिल्या वर्षात डोक्याचा घेर साधारण 12 सेंटीमीटर वाढतो, पहिले तीन महिने तर महिन्याला 2 सेंटीमीटरनं. कवटीची हाडं शिवणींनी जोडलेली असतात आणि त्या मोकळ्या असतात म्हणून मेंदूला जागा मिळते. त्यातली एखादी वेळेआधी पक्की झाली की त्या शिवणीच्या आडव्या दिशेला वाढ अडते आणि मेंदू दुसरीकडे जागा शोधतो. रुडॉल्फ फिरचो या जर्मन डॉक्टरानं हा नियम 1851 सालीच लिहून ठेवला होता. आमच्या मुलाची डोक्यावरची मधली, पुढून मागे जाणारी शिवण मिटली होती. डोकं रुंदीत जे गमावत होतं ते लांबीत भरून काढत होतं, त्यामुळे टेपवरचा आकडा सरळ दिसे. नुसत्या टेपवर विसंबणाऱ्याच्या हातून असं पोर सुटतं. दोन अडीच हजार बाळांत एखाद्याची कुठली तरी शिवण अशी लवकर मिटते, त्यांतली जवळपास निम्मी बाळं या मधल्या शिवणीची, आणि त्यांत मुलं जास्त.

अडीच महिन्यांना त्यांनी कॅलिपरनं रुंदी आणि लांबी मोजली, रुंदी लांबीच्या किती टक्के ते काढलं. साडेतीन महिन्यांना पुन्हा मोजलं. आकडा 75 च्या खाली होता आणि आणखी घसरला होता. मग बोटं पाहिली, हातांची आणि पायांची, कुठे जुळलेली नाहीत ना. डोळे पुढे आलेले नाहीत ना तेही पाहिलं. काही आजारांत शिवणीबरोबर हेही असतं. ते काही नव्हतं. तेव्हा कुठे त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, आणि सासूबाईंनाही आत बोलावलं. मला ते फार मोलाचं वाटतं. घरात निर्णय कोणाच्या तोंडून बाहेर पडतो हे त्यांना ठाऊक होतं.

सासूबाईंनी नेमकं तेच विचारलं जे मला रात्री झोपू देत नव्हतं. त्या वर्षी जूनमध्ये खग्रास चंद्रग्रहण झालं होतं. मी सहाव्या महिन्यात होते आणि ग्रहण पाळलं नव्हतं. मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "आजी, त्या रात्री नागपुरात किती बाया दिवसांच्या असतील? त्यांची पोरं मीच तर पाहते. अशा डोक्याचं हे एकच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मालिशीनं झालेलं नाही आणि मालिशीनं जाणारही नाही. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही." हे वाक्य त्यांनी पुढल्या वर्षभरात न विचारता कितीदा म्हटलं असेल. घरी आल्यावर राईची उशी सासूबाईंनीच उचलून ठेवली.

एका ओळखीच्यांनी लगेच सीटी स्कॅन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. मॅडमनी करू दिला नाही. "सर्जनला हवा तसा ते तिथे एकदाच काढतील. इथे एक आणि तिथे एक, एवढ्याशा जिवाला दोनदा क्ष-किरण कशाला?" आज मिहानला एम्स आहे; डिसेंबर 2022 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. तेव्हा ते नव्हतं आणि अशा शस्त्रक्रियेसाठी मॅडमचा विश्वास मुंबईवर होता. त्यांनी पाठपोट एका कागदावर चिठ्ठी लिहिली आणि तीन वेळची मापं, वजनाचा तक्ता, लसींच्या तारखा सगळं त्यात घातलं. मुंबईच्या ओपीडीत ती चिठ्ठी वाचून तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला एकही प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही.

जायच्या आधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती विदर्भातलाच डॉक्टर करू जाणे. त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी सांगितली. शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 1958 सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. आमच्या भागात हा आजार पुष्कळ आहे, पण मुंबईच्या माणसाला तो पहिल्या झटक्यात आठवेलच असं नाही. मी म्हटलं, लॅबवाला पन्नास रुपयांत करून देतो म्हणतो. त्यांनी मान हलवली. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर उरलेलं असतं, साधी चाचणी फसवते, एचपीएलसीच करायची. मुलगा वाहक निघाला, म्हणजे आजारी नाही, पण भूल देणाऱ्याला माहीत हवं. मग आमची दोघांची तपासणी झाली आणि नवराही वाहक निघाला. पस्तिशी उलटेपर्यंत त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

शस्त्रक्रियेसाठी बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यानंतरची तारीख मिळाली. मधल्या काळात मॅडम लोहाचे थेंब देऊन हिमोग्लोबिन वर आणत होत्या. त्यांनी मला हिशेब करून दाखवला होता: किलोला 80 मिलिलिटर धरलं तर सात किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून अर्ध्या लिटरच्या थोडं वर रक्त. त्यातलं वाटीभर गेलं तरी किती गेलं ते बघ. एप्रिल 2012 मध्ये ऑपरेशन झालं. सर्जननी कवटीची हाडं सोडवून नव्या आकारात बसवली, रक्त द्यावं लागलं, दोन दिवस सूज येऊन डोळे मिटलेले होते, तिसऱ्या दिवशी एक डोळा उघडला आणि त्यानं माझ्याकडे पाहून जांभई दिली. त्या दिवसांबद्दल लिहायला माझ्याजवळ शब्द कमी आणि बिलं जास्त आहेत. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलैमध्ये आली, आमचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. कर्जाचे हप्ते पुढे बरीच वर्षं चालले.

मुंबईहून निघताना हातात डिस्चार्ज कार्ड दिलं, त्यावर तीन महिन्यांनी दाखवा असं लिहिलेलं. आम्ही विदर्भ एक्स्प्रेसनं नागपूरला उतरलो तेव्हा मे लागलेला, पारा 45 च्या आसपास. आता सर्जन आठशेहून जास्त किलोमीटरवर आणि डोक्याला या कानापासून त्या कानापर्यंत टाक्यांची रेघ घेतलेलं बाळ माझ्या खोलीत. कूलर लावायचा की नाही? घाम जखमेत गेला तर? टोपी घालायची की उघडं ठेवायचं? कुशीवर झोपवलं तर हाड दबेल? हे प्रश्न कुठल्याच कार्डावर नसतात. मॅडमनी कूलर लावायला सांगितला, झोत अंगावर नको म्हणाल्या, आणि पाणी, दूध, लघवी किती वेळा होते ते विचारत राहिल्या. एकदा रात्री ताप चढला. आम्ही थेट मुंबईची तिकिटं पाहायला लागलो होतो. मॅडमनी कान पाहिला, घसा पाहिला, टाक्यांची रेघ दाबून पाहिली, टाळू पाहिली, आणि आमच्यासमोरच मुंबईला फोन लावून बोलल्या. कानाचं इन्फेक्शन होतं, घरीच बरं झालं.

नवव्या महिन्याची गोवराची लसही त्यांनी पुढे ढकलली. बाहेरचं रक्त अंगात गेलं असेल तर त्यातली प्रतिपिंडं लसीचं काम होऊ देत नाहीत, म्हणून काही महिने थांबायचं. कार्डावर लाल पेनानं नवी तारीख लिहिली आणि त्या महिन्यात स्वतः आठवण केली. हे मुंबईच्या कार्डावर नव्हतं. असायचं कारणही नाही, ते काम त्यांचं नव्हतंच.

पुढच्या वर्षांत भेटी तशाच होत राहिल्या, सर्दीच्या निमित्तानं, लसीच्या निमित्तानं, आणि प्रत्येक निमित्तात मॅडम आपली दोन कामं उरकून घ्यायच्या. टेप लावायच्या आणि पोराशी गप्पा मारायच्या. दीड वर्षाला किती शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडतो का, गोष्ट सांगतो का. अशा मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात थोडं अडू शकतं, म्हणून त्या आधीपासून कान देऊन होत्या. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायला पाठवायच्या, कारण कवटीत दाब वाढला तर तिथे दिसू शकतो. पाच वर्षांचा असताना डोकं दुखतंय म्हणून शाळेतून रडत आला आणि मी पार गळून गेले. मॅडमनी सकाळी उलटी होते का ते विचारलं, पडदा पुन्हा पाहून घ्यायला सांगितला. पडदा स्वच्छ होता. नंबर निघाला, चष्मा लागला, दुखणं गेलं.

शेजारच्या दीरांच्या नातवाचं डोकं एका बाजूनं चपटं झालं तेव्हा मीच त्यांना तिकडे पिटाळलं. मनात म्हटलं, आता यांचीही मुंबई. मॅडमनी वरून पाहिलं. चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला होता, म्हणजे एका कुशीवर निजून झालेलं, शिवण मोकळीच. झोपताना डोक्याची बाजू बदला, जागेपणी थोडा वेळ पोटावर निजवा, मान आखडली आहे तिचे व्यायाम करा, एवढंच. तपासणी नाही, औषध नाही. पाच महिन्यांत पुष्कळ सुधारलं. कोणाला पाठवायचं हे कळणं जेवढं मोठं, तेवढंच कोणाला घरी बसवायचं हेही, आणि याची पावती कुठे फाडली जात नाही. सरकारची फुले आरोग्य योजना असो की विमा, त्यात ऑपरेशनचं पॅकेज असतं. महिन्यामहिन्याला एकच डोकं पाहत राहायचं पॅकेज नसतं, ते डॉक्टरांच्या आवडीवर सोडलेलं आहे. हे मला चुकीचं वाटतं.

तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर एवढं करा. लस सरकारी केंद्रात घ्या की खाजगीत, सरकारी लस तितकीच चांगली आहे. पण पहिलं वर्षभर बाळ पाहणारा डॉक्टर एकच ठेवा, दर वेळी नवा दवाखाना शोधू नका. डोक्याचा घेर कार्डावर लिहून मागा, आणि डोकं लांबट किंवा तिरकं वाटलं तर गोल होईल म्हणून थांबू नका, टोपडं काढून दाखवा.