मागच्या माणसाची पाठ

पुण्यात कशासाठी कुठे जावे हे ठरलेले आहे. पुस्तके हवीत तर अप्पा बळवंत चौक, देवाची उपकरणी हवीत तर तुळशीबाग, आणि दुचाकीचा स्क्रूपासून सायलेन्सरपर्यंत कोणताही अवयव हवा असेल तर नाना पेठ. नाना फडणवीसांचे नाव मिरवणाऱ्या याच पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. पंढरीच्या वाटेवर तुकोबांची पालखी तेथे मुक्काम करते. तेव्हा वाटसरूंची सोय पाहणे हा या पेठेचा जुनाच धर्म, असे म्हणायला हरकत नाही.

आम्ही उभयता तेथे गेलो ते बॅकरेस्ट घ्यायला. बॅकरेस्ट म्हणजे मोटारसायकलवर मागे बसणाराच्या पाठीला दिलेला टेकू. कारण घरगुती होते. महाबळेश्वरहून परतताना वाईला चहाचा कप खाली ठेवीत सौ. शांतपणे म्हणाली होती, "पुढच्या खेपेला तुम्ही गाडीवर या, मी एस.टी.ने येईन." संसारात भांडणापेक्षा असा शांत स्वर अधिक गंभीर असतो, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. आमची गाडी क्रूझर जातीची. या जातीची बैठक बुटकी असते. रॉयल एन्फील्डच्या क्लासिक ३५० ची बैठक ८०५ मिलिमीटर उंच, तर २०२० साली आलेल्या त्याच कंपनीच्या मीटिओर या क्रूझरची ७६५. चालवणारा आरामखुर्चीत बसल्यासारखा पाय पुढे सोडून, रुंद हँडल धरून बसतो. मागच्याला मात्र ना हँडल, ना टेकायला काही. गाडी सुटली की मागे झोक, ब्रेक लागला की पुढे. आणि प्रत्येक झोक कमरेने सावरायचा. पुणे-महाबळेश्वर म्हणजे सुमारे सव्वाशे किलोमीटर. पन्नाशीच्या कमरेने किती झोक मोजावेत?

हा टेकू गाजला अमेरिकेत. १९६० नंतरच्या दशकात तिकडच्या हौशी तरुणांनी आपल्या गाड्यांना उंचच उंच दांड्या बसवल्या. १९६९ च्या 'ईझी रायडर' चित्रपटामुळे त्या जगभर दिसल्या. तिकडे त्याला 'सिसी बार' म्हणतात. नावातच भित्र्यांची थट्टा आहे. थट्टा करणारे बहुधा पुढेच बसत असावेत! आपल्याकडे बजाजची अव्हेंजर २००५ साली आली आणि मागे टेकून बसणे मध्यमवर्गीयांच्या ओळखीचे झाले.

नाना पेठेच्या दुकानांतून हे बॅकरेस्ट दुधीभोपळ्यांसारखे लोंबत असतात. कोणी क्रोमचे चकचकीत, कोणी काळे, कोणी हातभर उंच. दुकानदाराने सर्वांत उंच खाली काढला. "काका, हा लावा. गाडीला लूक येतो." मला तो आवडलाही होता. सौ.ने विचारले, "लूक मागून येणाऱ्यांना दिसणार. टेकणार मी आहे ना?"

दुकानाच्या पायरीवर बसलेले वयस्कर मिस्त्री हसले. म्हणाले, "काकू, आधी गाडीवर बसा." मी पुढे, ती मागे, आणि मिस्त्रींच्या हातात टेप. गादीची खालची कड कमरेच्या खोलगट भागाशी आली पाहिजे, वरची खांद्याच्या फऱ्यांखाली राहिली पाहिजे. फार उंच केली तर चढता-उतरता पाय अडकतो. कल काटकोनाहून किंचितच मागे. जास्त मागे नेला तर टेकायला जावे आणि आडवे व्हावे! एका बाजूने बसणाराला याचा काडीचा उपयोग नाही, पण सौ.ने प्रवासापुरती साडी केव्हाच सोडली होती.

मग त्यांनी खरी मेख सांगितली. दांडी जितकी लांब, तितकी ती पहारीसारखी बोल्टांवर जोर करते. म्हणून ती मडगार्डच्या नुसत्या पत्र्याला नव्हे, तर सांगाड्याच्या लोखंडाला, दोन्ही बाजूंनी दोन-दोन ठिकाणी आवळायची. दोघे बसून गाडी दबली तरी चाक बोल्टला घासता कामा नये. मागचा दिवा व नंबरप्लेट झाकता कामा नये. मागच्याने धरायची मूठ कायद्यानेच लागते, ती काढायची नाही. आणि बॅकरेस्टमागे जड बॅग बांधायची नाही. मागे भार गेला की पुढचे चाक हलके होते. शे-दोनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे.

शेवटी बुटका, काळा, रुंद गादीचा बॅकरेस्ट मापाने करून घेतला. फोमसुद्धा सौ.नेच अंगठ्याने दाबून निवडला: मऊ नको, कडकच हवा, मऊ फोम तासाभरात बसतो आणि आतली पट्टी टोचते.

पुढच्या रविवारी हडपसरवरून दिवे घाट चढलो. चढावर पाठीला खरा आधार मिळाला. खाली मस्तानी तलाव दिसू लागला तेव्हा मागून, "जरा थांबा, बघू या," असा आवाज आला. एरवी या वेळेपर्यंत, "अजून किती राहिले?" अशी विचारणा होत असे. उतरताना मात्र बॅकरेस्टचा उपयोग नाही. तिथे गुडघे आवळून मूठच धरावी लागते, आणि पुढच्याने ब्रेक हलक्या हाताने दाबावा लागतो. हा टेकू कोणत्याही दुकानात मिळत नाही.

तेव्हा वाचकहो, बॅकरेस्ट घ्यायचा असेल तर एकटे जाऊ नका. ज्याची पाठ टेकायची, त्याला बरोबर न्या, गाडीवर बसवा आणि 'हो' त्याला म्हणू द्या. सासवडला चहा पिताना आमच्याकडे आता कोकणच्या गोष्टी चालू झाल्या आहेत, एस.टी.च्या वेळापत्रकाची चौकशी अद्याप झालेली नाही.