कुटाच्या पुढची पायरी

दाण्याचं कूट करणाऱ्या हाताला एकच धास्ती असते, तेल सुटण्याची. म्हणून दाणे पूर्ण गार होऊ द्यायचे, मिक्सर सलग चालवायचा नाही, बटण उलट्या बाजूला फिरवून झटके देत दळायचं. एवढं करूनही लक्ष चुकलं, तर भांड्याच्या तळाशी चिकट थर बसतो आणि साबुदाण्याची खिचडी मोकळी होत नाही. शेंगदाण्याचं लोणी, म्हणजे दुकानातलं पीनट बटर, या ‘बिघडलेल्या’ कुटातूनच तयार होतं. सामान तेच, यंत्र तेच. कूट करणारी जिथे थांबते, तिथून लोणी करणारी पुढे जाते आणि तिचे सगळे नियम उलटे होतात.

शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं. ते दाण्याच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं पातळ वेष्टन असतं. भाजल्याने ही वेष्टनं आणि पेशींच्या भिंती कमकुवत होतात, दळल्याने फुटतात. आधी भरड होते, मग कूट. पुढे सुटलेलं तेल कणांना चिकटवतं आणि भांड्यात गोळा फिरू लागतो. कणांमधल्या सगळ्या फटी भरतील इतकं तेल बाहेर आलं, की तोच गोळा अचानक सैल पडतो, चकाकतो, चमच्यावरून ओघळतो.

गोळ्याची पायरी हीच कसोटीची. नवखा माणूस इथे घाबरतो आणि पाण्याचा हबका मारतो. चटणी वाटताना हे चालतं, पण इथे एक चमचा पाणीही घात करतं. दाण्यातली प्रथिनं आणि पिष्ट पाणी ओढून घेतात, कण एकमेकांना घट्ट धरतात आणि होत आलेलं लोणी मातीसारखं आवळतं. मधातही पाणी असतं, म्हणून मध घातल्यावरही लोणी घट्ट होतं. गोडी हवीच असेल, तर कोरडी गूळ पावडर किंवा पिठीसाखर शेवटी घालावी. मीठ तेलात विरघळत नाही, तेव्हा तेही बारीक हवं.

गोळा झाला की करायचं एवढंच: मिक्सर थांबवायचा, कडा खरवडायच्या, यंत्राला दम खाऊ द्यायचा, पुन्हा चालवायचा. घरगुती मिक्सर एका दमात हे काम करत नाही. दामटला तर तापून बंद पडतो आणि खालचं लाल बटण दाबायची वेळ येते. दाणेही पातं झाकेल इतके हवेत. मोठ्या भांड्यात मूठभर दाणे टाकले, तर ते भिंतींवर उडत राहतात आणि पातं रिकामं फिरतं.

उलटा झालेला दुसरा नियम तापमानाचा. लोण्यासाठी दाणे कोमट असतानाच दळावेत, कारण तेल कोमटपणी लवकर वाहतं. मात्र वाफ पूर्ण निघून गेलेली हवी, नाहीतर पुन्हा पाण्याशीच गाठ. हे शहाणपण जुनंच आहे. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं, ते भाजलेले दाणे तापवलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून पातळसर लगदा करण्याच्या पद्धतीचं होतं. १८९५ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो उकडलेल्या दाण्यांच्या लोण्यासाठी. पुढे बाजारात टिकली ती भाजलेल्या दाण्याची चव. पीनट बटरच्या शोधाचं श्रेय अनेकदा अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना दिलं जातं. भुईमुगाच्या प्रसारासाठी त्यांनी पुष्कळ केलं, पण हा शोध त्यांचा नव्हे.

महाराष्ट्रात तेल सुटू देण्याची कला निराळ्या वाटेने रुजली. सोलापूरची शेंगा चटणी उखळात कुटतात, ती दाण्याला तेल सुटेपर्यंत. तिखट, लसूण, जिरं, मीठ त्या तेलात मुरतं आणि चटणी मुठीत दाबली तर वळते. कूट आणि लोणी यांच्या बरोबर मधोमध ती उभी आहे. जिला अशी चटणी जमते, तिला लोणी वेगळं शिकवावं लागत नाही.

खरं कसब भाजण्यात आहे. जाड बुडाची कढई, मंद आच आणि सतत फिरणारा उलथणं धरलेला हात. मोठ्या आचेवर सालावर काळे डाग पडतात आणि आतला दाणा कच्चाच राहतो. अशा दाण्याचं लोणी एकाच वेळी करपट आणि हिरवट लागतं. एक दाणा फोडून पाहावा: आतून फिकट बदामी दिसला, बोटांनी चोळताच साल सुटलं, की उतरवावा. गरम कढईत दाणा भाजतच राहतो, म्हणून लगेच परातीत पसरायचा. सालं तुरट असतात, ती चोळून सुपात पाखडली की चव साफ होते.

पाखडतानाच निवडणंही होतं आणि तिथे आळस परवडत नाही. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास असलेला दाणा काढलाच पाहिजे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, त्याचं मूळ खाद्यातल्या बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीत निघालं आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. हे विष भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही, आणि एकदा लोणी झालं की खराब दाणा वेगळा ओळखूही येत नाही.

घरचं लोणी बरणीत ठेवलं की काही दिवसांत वर तेल तरंगतं. हे बिघडल्याचं लक्षण नाही. जड कण खाली बसतात, इतकंच. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या जोसेफ रोझफील्ड यांनी तेलाचा काही भाग हायड्रोजनेशनने घट्ट करून हे थांबवलं. कारखान्यातलं लोणी महिनोन्‌महिने एकजीव राहू लागलं ते तेव्हापासून. घरी तळापासून एकदा ढवळून बरणी फ्रिजमध्ये ठेवली, की काम भागतं. खवटपणाही थंडीत उशिरा येतो. त्यावरचा दुसरा इलाज बियाण्यातच शोधला गेला आहे. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि जुनागढची भुईमूग संशोधन संस्था यांनी मिळून काढलेल्या गिरनार ४ आणि गिरनार ५ या वाणांच्या तेलात ओलिक आम्लाचं प्रमाण सुमारे ८० टक्के आहे. असं तेल हवेने लवकर खवट होत नाही.

हाच हात काजू-बदामावर चालवला, तर स्वभाव वेगळे दिसतात. काजूत पिष्ट जास्त, त्यामुळे लोणी मऊ, पण जरा जड होतं. त्यासाठी अख्खा काजू घेण्याची गरज नाही, तुकडा काजू पुरतो. बदाम कडक. त्याचा गोळा सैल व्हायला बराच वेळ लागतो, आणि साध्या मिक्सरची परीक्षा तिथेच होते.

म्हणून सुरुवात शेंगदाण्यापासूनच करावी. दुकानातल्या बरणीचं लेबल वाचलं, तर पुष्कळदा साखर आणि घट्ट केलेलं तेलही सापडतं. घरी एक किलो चांगल्या दाण्यातून भाजून, सोलून, निवडून सुमारे नऊशे ग्रॅम लोणी मिळतं आणि त्यात दाणा आणि मीठ यांपलीकडे काहीही लागत नाही.