भाच्याने गेममध्ये नवापूर बनवलं आणि माझी जुनी बातमी उघडी पडली

माझा भाचा सुरतेला शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला की दिवसभर लॅपटॉपपुढे. यंदा न राहवून विचारलं, काय करतोस रे एवढं? म्हणाला, "मामा, आपलं नवापूर बनवतोय."

ट्रेन सिम्युलेटर नावाचा प्रकार आहे. संगणकावर आपणच ड्रायव्हर होऊन रेल्वे चालवायची. मायक्रोसॉफ्टने २००१ साली असा गेम काढला होता. पुढे हौशी लोकांनी त्याच धर्तीवर 'ओपन रेल्स' नावाचं फुकट सॉफ्टवेअर तयार केलं. भारतातले काही मार्गही अशाच हौशी पोरांनी रात्री जागून बसवलेत. भाच्याला हवा होता उधना-जळगाव लाइनवरचा आपला तुकडा. उकाई-सोनगढ, नवापूर, चिंचपाडा, खांडबारा. दुसरं कोणी बनवेल म्हणून वाट न बघता त्याने स्वतःच हात घातला.

मला वाटलं, डोंगर-झाडं चित्रासारखी काढत असेल. तसं नाही. आधी खरी जमीन लागते, खऱ्या उंचीची.

ती कुठून मिळते हे ऐकून मी चाट पडलो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेचं एंडेव्हर यान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने जमिनीची उंची मोजून आलं. जगातल्या बहुतेक जमिनीची दर ३० मीटरवरची उंची आज कोणालाही फुकट मिळते. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या फोटोंवरून काढलेली उंचीही भुवन पोर्टलवर आहे. गेममध्ये ही माहिती २०४८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत भरायची. प्रत्येक चौकोनात दर ८ मीटरवर एक बिंदू. मधल्या जागा संगणक अंदाजाने भरतो.

आणखी एक गंमत. सरकारी नकाशे बघायला गेलं की आपलं गाव दोन राज्यांत तुटतं. स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्या बाकड्यावर बसून फोटो न काढलेला नवापूरकर सापडणार नाही. पण रडारला १ मे १९६० माहीत नाही. त्याला फक्त चढ आणि उतार कळतो. पाण्यालाही तेवढंच कळतं. आपली रंगावली हद्द न विचारता पुढे तापीला जाऊन मिळते.

तर पोराने जमीन भरली, रूळ टाकले, गाडी सोडली. गाडी उंटासारखी हलायला लागली! कारण साधं आहे. या आकड्यांत दोन-चार मीटरची चूक सहज असते. दाट झाडी असली की रडार शेंडा मोजतं, माती नाही. ३० मीटरवर ३ मीटरची चूक झाली तर चढ झाला दहाला एक. आपला बोरघाट अख्ख्या देशात अवघड, त्याचा चढ ३७ ला एक. मग सपाट नवापुरात दहाला एक कुठून येणार?

त्यावर उपाय म्हणजे खऱ्या खुणा शोधायच्या. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती आपण आयुष्यभर बघतो आणि वाचत नाही. रुळांच्या कडेला चढ-उताराचे आकडे लिहिलेले छोटे खांब असतात. त्यावरून रुळांची उंची पक्की करायची आणि जमीन रुळापर्यंत ओढून घ्यायची. जमीन खाली असेल तिथे भराव, वर असेल तिथे खोदकाम.

इथेच तो अडला. भराव ओढल्यावर गेममध्ये रुळाखाली सलग भिंतच उभी राहिली. एका बाजूला उंच शेतं, मध्ये भिंत, पलीकडे नदी. म्हणाला, "मामा, इथलं पाणी कुठून जातं?"

मी २० वर्षं या गावात बातमीदारी करतोय. मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मोटारसायकलवर निघालो. रुळांवर जायचं नाही हे आधीच ठरलं. रस्त्याने, शेताच्या बांधाने जेवढं दिसेल तेवढं बघायचं. उपग्रहाला न दिसलेल्या मोऱ्या एकेक सापडत गेल्या. ३० मीटरच्या चौकोनात दोन मीटरची मोरी दिसणार तरी कशी? काही स्वच्छ होत्या. काही गाळ आणि प्लास्टिकने निम्म्या भरलेल्या. एका नाल्याचं तोंड कुठे गेलं ते मलाही कळेना.

नदीजवळच्या वस्तीत एका आजींनी पाणी दिलं. कशाला फिरताय विचारलं. भाच्याने सांगितलं, गावाची उंची मोजतोय. आजींनी न बोलता घराच्या भिंतीवर हात ठेवला. माझ्या खांद्याच्या वर. "इथपर्यंत होतं रे दादा पाणी."

ऑगस्ट २०१८. एका रात्रीच्या पावसात रंगावलीला आलेला पूर. माणसं गेली, घरं गेली, ढोरं गेली. तुम्हाला सांगायला नको.

घरी येऊन मी तेव्हाचं कात्रण काढलं. मी लिहिलं होतं, "रंगावली अचानक कोपली." पोराच्या पडद्यावर तीच वस्ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली, बशीच्या तळासारखी दिसत होती. पाऊस अचानक आला असेल, पण पाणी जिथे जायचं तिथेच गेलं. ही उंची पूर येण्याआधीही फुकट उपलब्ध होती. मी कधी बघितली नाही. नदीवर खापर फोडून मोकळा झालो.

गैरसमज नको. रुळांच्या किंवा रस्त्याच्या भरावामुळे पूर आला असं मी म्हणत नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. आणि गेमचा नकाशा म्हणजे पुराचा नकाशा नव्हे. दोन-चार मीटरची चूक असलेल्या आकड्यांवर कोणाचं घर वाचेल की बुडेल हे ठरवता येत नाही. त्यासाठी यंत्र लावून मोजणी लागते.

राज्यात पूररेषा आखायची पद्धत आहेच. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतल्या पुराची लाल रेषा. आपल्या भागाचा असा नकाशा बघायला मी एका कार्यालयात गेलो. या टेबलावरून त्या टेबलावर तीन खेपा झाल्या. नकाशा काही हाती लागला नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पूररेषेचा नकाशा मराठीत, गल्लीच्या नावांसह, नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लावा. २०१८ चं पाणी कुठवर आलं होतं त्या खुणा विजेच्या खांबांवर रंगवा. आणि पावसाळ्याआधी मोऱ्यांची यादी करा. कोणती कुठे, कोणाची, साफ कधी केली. याला कोटींचा निधी लागत नाही.

आपणही काही करू शकतो. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं होतं त्यांनी भिंतीवरची खूण दाखवून फोटो पाठवा, सोबत जमिनीपासून किती फूट ते लिहा. घराला नवा रंग दिला की खूण जाते, आणि आजींसारखी सांगणारी माणसंही कायमची नाहीत. भाचा हे सगळं एका नकाशावर मांडून देणार आहे. मी तो घेऊन पुन्हा त्याच कार्यालयात जाणार आहे, चौथ्यांदा.

भाचा काल सुरतेला परत गेला. गेममध्ये त्याने ११ मोऱ्या बसवल्यात. म्हणतो, "मामा, अजून दोन राहिल्यात, होळीला येतो तेव्हा बघू."