बिरड्याच्या सणाचे ऊन

कोकणात बिरड्याचा सण यायचा तो भर पावसात. आब महिन्याची नववी तारीख बहुधा आषाढ-श्रावणात पडे. बाहेर पागोळ्या गळत, घरात ओलसर गारवा. रोजा सोडायला तारे दिसावेत, तर आभाळ ढगांनी भरलेले. वडीलधाऱ्यांची सारी भिस्त घड्याळावर!

तोच रोजा इकडे जुलै-ऑगस्टच्या रखरखाटात येतो. आम्हांला ही गोष्ट कळली १९८४ च्या ऑगस्टमध्ये, दिमोनात.

आमची आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. रक्तदाबासाठी ती रोज सकाळी लघवी होण्याची गोळी घेत असे. रोज्याच्या दिवशीही तिने ती कोरडीच गिळली. 'औषधाला कसला आलाय रोजा?' म्हणाली. दुपारी दोनच्या सुमारास ती आम्हांला वारलेल्या मामाच्या नावाने हाका मारू लागली. झोपेत बडबडते आहे असे वाटून आम्ही चक्क हसलो. तिच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता, म्हणून ऊन बाधले असेल अशी शंकाही आली नाही.

इथेच आम्ही फसलो. अलिबाग-रेवदंड्याकडे उकडले की सदरा अंगाला चिकटतो. किती घाम गेला ते माणसाला समजते. नेगेवच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो. शरीरातले पाणी जात राहते आणि कातडी कोरडीच्या कोरडी. त्यात वय झाले की तहानही कमी लागते. 'मला तहान नाही' या म्हाताऱ्या माणसाच्या शब्दावर म्हणूनच विसंबू नये. लघवी गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली, तर पाणी कमी पडले असे समजावे.

शेजारच्या नर्सबाई धावून आल्या. त्यांनी आधी १०१ वर फोन करायला लावला, मग आईच्या अंगावर ओल्या चादरी टाकून पंखा लावला. आम्ही पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावणार, तोच त्यांनी हात धरला. शुद्ध पुरती नसलेल्याला पाणी पाजले तर ते श्वासनळीत जाते. इस्पितळात सलाईन लावल्यावर रात्री आई आम्हांला आमच्या नावाने ओळखू लागली.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचे दुखणे आहे, त्यांनी सणाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना गाठावे. रोजा झेपेल का, कोणती गोळी केव्हा घ्यायची, हे त्यांनाच विचारावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. धडधाकट माणसांनी आदल्या दिवशी सकाळपासून थोडे थोडे पाणी पीत राहावे. सूर्यास्ताच्या तोंडावर घटाघट लिटरभर प्याल्याने ते साठून राहत नाही. त्या रात्री लोणचे-पापड ताटात नकोत. आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तव्यासारखे तापले, तर रोजा मोडू की नको हे विचारीत बसू नये. तेथे जिवाशी गाठ असते.

पुढल्या वर्षी डॉक्टरांनी आईला साफ मनाई केली. तिने रब्बींना विचारले. आजाऱ्याला हा रोजा नाही, असे त्यांनीही सांगितले. दोघे एका बाजूला झाले म्हणून ती दोन दिवस रुसली होती. 'पंचवीस तासांचा तर प्रश्न,' असे पुटपुटत राहिली. सणाच्या दिवशी तिने दर तासाला पाणी घेतले, पण भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळचे वाल मात्र तिने एकटीने सोलले, आम्हांला हात लावू दिला नाही.