एक तळटीप

इंग्रजी साहित्य शिकविण्याचा व्यवसाय मी कोल्हापुरात पंचवीसहून अधिक वर्षे करीत आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून येथे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. त्या परंपरेमुळे की काय, माझ्या वर्गात शिरोळचे जैन, कागलचे मराठे, शहरातील मुसलमान आणि कानडी वळणाची मराठी बोलणाऱ्या गडहिंग्लजकडील मुली शेजारी शेजारी बसतात. अशा वर्गाला मी सालोसाल वर्डस्वर्थच्या डॅफोडिल्सचे रसग्रहण लिहवून दिले. ते फूल मी स्वतः अद्याप पाहिलेले नाही! म्हणून चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची 1958 सालची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी शिकवावयास मिळाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

तीत ‘ओसू’ नावाच्या लोकांचे वर्णन येते. हे देवाला वाहिलेले लोक. त्यांनी वेगळ्या वस्तीत राहावयाचे, इतरांशी सोयरीक करावयाची नाही आणि मस्तकास वस्तरा लावावयाचा नाही. वाढलेले, गुंतलेले केस हीच त्यांची खूण. ‘इग्बो समाजातील एक रूढी’ एवढी तळटीप फळ्यावर लिहून मी पुढे निघालो, तोच मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, माझ्या आजीला जट आहे.”

मी थबकलो. चौंडक्याचा आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल या भागाला नवी नव्हे, आणि मुंबई इलाख्यात 1934 साली तिच्याविरुद्ध कायदा झाला हेही मला ठाऊक होते. तरी तळटीप मात्र मी आफ्रिकेच्या नावे लिहिली होती.

येथे गप्प राहण्याचे शहाणपण मला सुचले नाही. तुलनेला जिवंत उदाहरण मिळाले या हर्षात मी तिला पुढे बोलावून आजीविषयी सांगावयास लावले. ती दोन वाक्ये बोलली. मागून कोणीतरी हसले. त्यानंतर आठ दिवस ती वर्गात आली नाही.

परक्या देशाच्या साहित्यात विद्यार्थ्याला आपले घर दिसावे, असे मी परिसंवादांतून कितीदा तरी सांगितले आहे. परंतु दिसलेले घर चारचौघांपुढे उघडे करण्याचा अधिकार मला कोणी दिला? डॅफोडिल्सने निदान कोणाच्या माजघरात डोकावले नव्हते.

ती परतली त्या दिवशी तास संपल्यावर मी तिची क्षमा मागितली. ती फार संकोचली. मग म्हणाली, “सर, पुस्तकातल्या मास्तरांनी सांगितल्यावर त्या लोकांनी केस काढले. आधी तेही भ्यालेच होते. आजी मात्र ऐकत नाही. देवी कोपेल म्हणते.”

“मग तू काय करतेस?”

“घरी गेले की मी तिची जट धुऊन देते. जड असते, सर. वाळायला सबंध दिवस जातो.”